परदेशातल्या मुलाला फराळ पाठवताय? अनारशावरची खसखसही त्याला अडचणीत आणू शकते

तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा : दिवाळीचा डबा भरताना अनारशाला खसखस लागतेच. डिंकाच्या लाडवातही ती पडते, काळ्या मसाल्यातही असते. आपल्याकडे ती कोणत्याही किराणा दुकानात मिळते. पण हाच डबा दुबई, अबुधाबी किंवा सौदीतल्या मुलाच्या नावाने निघाला, तर मामला वेगळा होतो. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबिया या दोन्ही देशांत खसखशीवर बंदी आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. खाणाऱ्याला नशा येवो न येवो, तिथला कायदा तिच्याकडे अमली पदार्थाच्या नजरेनेच पाहतो. पार्सल पाठवलं आईने, पण खोक्यावर नाव मुलाचं. मग चौकशी त्याचीच होते, नोकरी आणि व्हिसाही त्याचाच अडचणीत येतो.

तळेगाव, आष्टी, आर्वी, कारंजा या पट्ट्यातून परदेशात काही पाठवायचं असेल तर पोस्टाचा मार्ग स्वस्त आणि भरवशाचा आहे. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. परदेशी पार्सलला तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं भारताच्या कस्टमचं, दुसरं विमान वाहतुकीच्या सुरक्षेचं आणि तिसरं ज्या देशात जायचं तिथल्या कस्टमचं. पोस्टाच्या खिडकीवर पार्सल घेतलं म्हणजे तिसरं दार उघडलं असं होत नाही. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला प्रत्येक देशाची खाण्याच्या पदार्थांची यादी पाठ असणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. ती चौकशी पाठवणाऱ्याने आणि ज्याच्याकडे पाठवायचं त्याने मिळून करायची असते. मुलाला एक व्हॉट्सॲप करून "तिकडच्या कस्टमच्या साइटवर बघून सांग" एवढं म्हटलं तरी अर्धं काम होतं.

पार्सल कुठून करायचं

गावातल्या शाखा डाकघरात परदेशी पार्सलचं बुकिंग साधारणपणे होत नाही. त्यासाठी संगणकावर काम चालणारं उपडाकघर किंवा वर्ध्याचं मुख्य डाकघर गाठावं लागतं. खोकं घेऊन एसटीत बसण्याआधी जवळच्या डाकघरात विचारून घ्यावं की त्या देशाचं बुकिंग सध्या चालू आहे का आणि किती किलोपर्यंत घेतात. आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट, एअर पार्सल, ट्रॅक्ड पॅकेट असे प्रकार आहेत. प्रत्येकाचा दर वेगळा आणि वजनाची मर्यादा देशागणिक बदलते. इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर देश आणि वजन टाकलं की खर्चाचा अंदाज येतो.

आधार किंवा दुसरं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स सोबत असू द्यावी. आणि खोकं घरूनच पूर्ण चिकटवून, दोरी बांधून नेऊ नये. आत काय आहे ते उघडून दाखवायला सांगितलं तर पुन्हा सगळी टेप फाडत बसावं लागतं. टेप आणि कात्री पिशवीत न्यावी, खिडकीवर तपासून झालं की मग बंद करावं. लोणचं पाठवायचंच असेल तर बरणी नको. दोन-तीन जाड प्लास्टिक पिशव्यांत सील करून घ्यावं. तेल गळलं तर आपलं पार्सल जातंच, शेजारच्याचंही खराब होतं.

सगळा खेळ फॉर्मचा

परदेशी पार्सलवर कस्टमचा जाहीरनामा लागतो. लहान पाकिटाला सीएन २२ आणि पार्सलला किंवा जास्त किमतीच्या वस्तूला सीएन २३ नावाचा फॉर्म. हे नमुने जागतिक टपाल संघाचे आहेत. हा संघ १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात स्थापन झाला आणि भारत १८७६ पासून त्यात आहे. म्हणूनच वर्ध्यात भरलेला फॉर्म टोरांटोच्या अधिकाऱ्यालाही वाचता येतो.

पूर्वी हाताने खरडलेला कागद चिकटवला की चालायचं. आता तसं नाही. पार्सल पोहोचायच्या आधी त्याची माहिती संगणकावरून त्या देशाच्या कस्टमकडे जावी लागते. अमेरिकेने हे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं केलं, त्याच वर्षी युरोपनेही सुरू केलं. त्यामुळे घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, तिथला पोस्टकोड, मोबाइल नंबर आणि आतल्या प्रत्येक वस्तूचं नाव, नग, वजन, किंमत हे सगळं बुकिंगच्या वेळीच द्यावं लागतं. घरून निघतानाच ही यादी इंग्रजीत लिहून न्यावी.

इथेच बहुतेक लोक चुकतात. फॉर्मवर नुसतं "गिफ्ट", "फूड आयटम" किंवा "क्लोथ्स" लिहून मोकळे होतात. असं मोघम लिहिलेलं पार्सल आधी बाजूला काढलं जातं. "कॉटन कुर्ता, पुरुषांचा, २ नग, ५०० ग्रॅम, १,२०० रुपये" असं एकेका ओळीत एकेक वस्तू लिहावी. कुरडई, सांडगे, शेवया ही नावं तिकडच्या अधिकाऱ्याला कळणार नाहीत, तेव्हा पुढे "गव्हाचा वाळवलेला पदार्थ", "डाळीचे वाळवलेले वडे", असा खुलासा इंग्रजीत करावा.

वस्तूंना एचएस कोड नावाचा आकडाही असतो. तो जगभर वापरतात, त्यामुळे भाषा कळली नाही तरी वस्तू कळते. राखीपौर्णिमेच्या आधी टपाल खातं दरवेळी राख्या लवकर पाठवा म्हणून सांगतं, तेव्हा हा कोडही देतं. राखी किंवा रक्षासूत्रासाठी तो ६३०७९०९० आहे. बाकी वस्तूंचा कोड खिडकीवर विचारून घेता येतो.

किंमत कमी लिहायची सवयही महागात पडते. पाच हजारांची साडी पाचशेची दाखवली आणि पार्सल हरवलं, तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या हिशोबानेच बघितली जाते. कस्टमला संशय आला तर दंडही घेणाऱ्याच्या माथी. खरी किंमत लिहावी आणि दुकानाचं बिल सोबत ठेवावं.

भेटवस्तूला बऱ्याच देशांत काही रकमेपर्यंत सूट असते. ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो, कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर. ही सूट एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला, पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूसाठी आहे. दुकानदाराने थेट पाठवलेल्या मालाला ती लागू नाही.

नुसतं तळेगाव लिहून भागत नाही

पत्त्याची चूक किती महागात पडते हे वर्धा जिल्ह्याइतकं कोणाला माहीत असणार? महात्मा गांधी ज्या गावात राहायला गेले त्याचं नाव होतं सेगाव. तिथली पत्रं नावाच्या साम्यामुळे शेगावला जायची. अखेर १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं.

तळेगावचं तसंच आहे. पुण्याकडे तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर, आणि आपल्याच जिल्ह्यात तळेगाव (टालाटुले). परदेशातून परत आलेल्या पार्सलवर नुसतं "तळेगाव, महाराष्ट्र" असलं तर ते कुठे फिरत बसेल सांगता येत नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात "श्यामजी पंत", तालुका आष्टी, जिल्हा वर्धा, पिनकोड आणि शेवटी इंडिया हे सगळं हवं. आष्टी नावाची गावंही महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत, म्हणून जिल्हा सोडू नये. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस होते. नावांच्या अशाच गोंधळावर तो उपाय होता, तेव्हा तो वापरावा.

पत्ता इंग्रजी मोठ्या अक्षरांत, देशाचं नाव सगळ्यात शेवटच्या ओळीत. आखाती देशांत पत्र घरोघरी जाण्याऐवजी पोस्ट बॉक्सवर जायची पद्धत आहे, म्हणून मुलाच्या कंपनीचा पोस्ट बॉक्स नंबर आणि त्याचा मोबाइल नंबर दोन्ही लिहावे. मोबाइल नंबर नसेल तर पार्सल येऊन पडलंय हे त्याला कळतच नाही.

कोणत्या देशात काय अडतं

आखाती देशांचं खसखशीपासून सुरू केलंच आहे. गरम मसाला किंवा काळा मसाला घरचा असेल तर त्यात खसखस भाजून घातलीय का, हे आठवून पाहावं. दळलेल्या मसाल्यातून ती वेगळी काढता येत नाही. तो मसालाच पाठवू नये, किंवा खसखशीशिवाय वेगळा करून द्यावा. दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ तर नकोतच.

सगळ्यात कडक ऑस्ट्रेलिया. तिथे भीती आहे ती किडीची. धान्यात पडणाऱ्या खपरा किड्याला जगभर इंग्रजीतही "खपरा बीटल" असंच म्हणतात, एवढी त्याची कीर्ती. त्याला रोखायला ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२० पासून टपालाने येणाऱ्या अनेक धान्य-मसाल्यांवर बंदी घातली आहे. तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, सोयाबीन, शेंगदाणे, वाळलेली मिरची, धणे, जिरे, बडीशेप ही त्यातली नावं. म्हणजे विदर्भातल्या घरातून निघणारी निम्मी पिशवी. कारखान्यात भाजून किंवा शिजवून पॅक केलेल्या काही मालाला वेगळा नियम आहे, पण घरच्या शेतातली तूर आणि वाळवलेली मिरची जात नाही. दुधाच्या मिठाईलाही तिथे अडवतात. एवढं सगळं वाचून ऑस्ट्रेलियातल्या लेकीला कपडे, पुस्तकं आणि राखी पाठवावी हे उत्तम. मिरची तिला तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळते.

अमेरिकेत घरगुती प्रमाणातला तांदूळ आणि हरभरा याच किड्यामुळे बंद आहे. मांस, ताजी फळं, बियाणं, रोपं चालत नाहीत. संत्र्याचा हंगाम आहे म्हणून चार संत्री खोक्यात टाकली तर ती चार संत्री सगळं पार्सल अडवतील. ताज्या फळांना रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते घरच्या पार्सलला कोण काढून देणार? आणखी एक बारकावा फार कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकेत टपालाने खाद्यपदार्थ पाठवायचे तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आधी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मात्र स्वतःच्या घरी केलेला पदार्थ, करणाऱ्यानेच भेट म्हणून पाठवला, तर ही सूचना लागत नाही. म्हणजे आईने केलेल्या चकलीला सूट, पण दुकानातून आणलेल्या चिवड्याच्या पाकिटाला सूचना हवी. फॉर्मवर "होममेड" आणि "पर्सनल गिफ्ट" हे शब्द लिहायचे ते यासाठी.

अमेरिकेच्या शुल्काचा गोंधळ अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०२५ अखेर अमेरिकेने स्वस्त पार्सलला असलेली शुल्कमाफी काढून टाकली आणि भारतीय टपाल खात्याने तिकडचं बुकिंग थांबवलं. ते १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झालं, तेव्हा जाहीर किमतीवर ५० टक्के शुल्क इथेच बुकिंगच्या वेळी भरून घेण्याची पद्धत आली. पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू यातून वगळल्या होत्या. हे दर दोन देशांच्या सरकारांच्या बोलण्यावर वर-खाली होतात. जुना आकडा धरून बसू नये, ज्या दिवशी पार्सल करायचं त्या दिवशी खिडकीवर विचारावं.

ब्रिटन आणि युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून टपालाने मांस आणि दूध-दुग्धजन्य पदार्थ जात नाहीत. पेढा, खव्याची संत्रा बर्फी, घरचं तूप, सगळं यात आलं. वर्ध्याचा गोरसपाक हा भाजलेला बिस्किटाचा प्रकार आहे, त्यामुळे खव्याच्या मिठाईइतका तो धोक्याचा नाही. तरी दुकानाचं बंद पाकीट आणि त्यावर छापलेले घटक असावेत. सुटा गोरसपाक डब्यात भरून देऊ नये.

इथूनच बाहेर जात नाही असं काही

मोरपीस भारतातून बाहेर पाठवायला बंदी आहे, शेतात सापडलेलं असलं तरी. चंदनाचं लाकूड आणि वन्यप्राण्यांचे अवयव यांचंही तेच. देव्हाऱ्यातली पणजोबांच्या वेळची पितळी मूर्ती लेकीला पाठवावी असं वाटणं साहजिक आहे, पण शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. नोटा पाकिटात घालून पाठवू नयेत. सोन्याचे दागिने साध्या पार्सलने तर अजिबात नको.

विमानाच्या नियमात पूजेचा पुडा अडतो. कापूर पेट घेतो म्हणून तो विमानातल्या टपालात चालत नाही. काडेपेटी, लायटर, फटाके, अत्तर-सेंट, डिओचा स्प्रे, नेलपॉलिश, सुटी पॉवर बँक यांचंही तसंच. हळद-कुंकू, वाती, जपमाळ यांना विमानाची अडचण नसते. फक्त ऑस्ट्रेलियासारख्या देशात लाकडाची किंवा बियांची माळ असेल तर ती फॉर्मवर लिहावी लागते.

औषधांचं काम नाजूक. इथे मेडिकलवर सहज मिळणारी काही खोकल्याची आणि दुखण्याची औषधं, म्हणजे कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली, आखातात नियंत्रित यादीत आहेत आणि त्यांना आधी परवानगी लागते. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. मुलाने फोन करून "तीच गोळी पाठव" म्हटलं तरी आधी त्याला तिथल्या डॉक्टरला किंवा औषध दुकानात दाखवायला सांगावं. बाकी साधी औषधं पाठवायचीच तर मूळ पाकिटात, बिल आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सुट्या गोळ्या आणि वैद्याच्या पुड्या कागदात बांधून कधीही नाही.

दुसऱ्याचं पुडकं

पोस्टाचा खर्च वाचवायला जाणाऱ्याच्या हाती डबा देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यात धोका आहे तो घेऊन जाणाऱ्याला. मुंबईच्या एका जोडप्याला जुलै २०१९ मध्ये कतारच्या विमानतळावर पकडलं, त्यांच्या बॅगेत चार किलो चरस निघालं. पुडकं नात्यातल्याच बाईने दिलं होतं. दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना काहीच माहीत नव्हतं हे सिद्ध व्हायला २०२१ साल उजाडलं आणि तेव्हा ते घरी परतले. आपल्या खोक्यात शेजाऱ्याची "एवढीशी पिशवी" टाकतानाही हे आठवावं. फॉर्मवर सही आपली असते. टाकायचीच तर उघडून, बघून, यादीत लिहून.

नागपूर-अमरावतीकडून घरापर्यंत येऊन पार्सल नेणारे खासगी एजंटही असतात. सगळे वाईट नसतात. पण आपल्या नावाची पावती, ट्रॅकिंग नंबर आणि वस्तूंची यादी देत नसेल, "कस्टमचं मी बघतो" म्हणत असेल, त्याच्याकडे खोकं देऊ नये.

बचत गटाच्या बायकांना पापड-मसाले परदेशात विकायचे असतील तर तो व्यापार झाला, भेट नव्हे. त्याला आयात-निर्यात कोड लागतो. तो ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत, तिथे निर्यातीचे कस्टमचे कागद संगणकावरच भरून होतात.

पार्सल गेल्यानंतर

पावतीवर तेरा अक्षर-अंकांचा नंबर असतो. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय आणि एन. पावतीचा फोटो काढून मुलाला पाठवावा. तोच नंबर त्याच्या देशाच्या पोस्टाच्या साइटवरही चालतो. पार्सल कस्टममध्ये थांबलेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, शुल्क किंवा कागद मागितला असेल तर तो घेणाऱ्याने तिथे पूर्ण करायचा असतो. फॉर्म भरताना एक प्रश्न येतो, पोहोचलं नाही तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं? परत मागवलं तर त्याचा खर्च पाठवणाऱ्यावर पडू शकतो. दोनशे रुपयांच्या चिवड्यासाठी तो खर्च परवडेल का, हे तिथेच ठरवावं.

आता फोनवरच्या चोरांचं. "तुमच्या नावाचं परदेशी पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत" असा फोन येतो. मोठ्या कुरिअर कंपनीचं, कस्टमचं किंवा मुंबई पोलिसांचं नाव घेतात, व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दाखवतात आणि "डिजिटल अरेस्ट" केलंय म्हणतात. असा अटकेचा प्रकार भारताच्या कायद्यात नाही. ज्याने खरंच पार्सल पाठवलंय तो माणूस अशा फोनला जास्त घाबरतो, आणि चोरांना तेच हवं असतं. दुसरा प्रकार फेसबुकवरच्या गोऱ्या मित्राचा. लंडनहून भेट पाठवली म्हणतो, मग "कस्टम अधिकारी" फोन करून खात्यात पैसे टाकायला सांगतो. कस्टम कोणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागत नाही आणि त्यांच्या खऱ्या पत्रावर डिन नावाचा ओळख क्रमांक असतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. तिसरा प्रकार मेसेजचा, "पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत लिंकवर भरा". ती लिंक दाबायची नाही, पावतीवरचा नंबर स्वतः पोस्टाच्या साइटवर टाकून बघायचं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन लावायचा. जितक्या लवकर तक्रार होते तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त.